यादीत नाव राहतं कसं?

भारताची राज्यघटना 26 नोव्हेंबर 1949 रोजी स्वीकारली गेली. आणि भारताची पहिली मतदार यादी? तिचं काम त्याआधीच सुरू झालं होतं! 1948 साली घटनेचा मसुदा नुकता छापून झाला होता, त्यातल्या कलमांवर खरे वाद अजून व्हायचे होते. देश प्रजासत्ताक झालेला नव्हता, निवडणूक आयोग जन्मलेला नव्हता, नागरिक कोणाला म्हणायचं हेही पक्कं ठरलेलं नव्हतं. तरी सरकारी माणूस वही घेऊन दारात उभा होता आणि विचारत होता, घरात 21 वर्षांवरची माणसं किती? त्यांची नावं सांगा.

घर अजून बांधलेलं नाही आणि त्यात राहणाऱ्यांची नावं मात्र लिहून घेतली जाताहेत, हे नवल नाही तर काय?

हे काम चालवत होती संविधान सभेच्या सचिवालयातली मोजकी माणसं. घटनात्मक सल्लागार बी. एन. राव त्यांच्या अग्रभागी होते. इतिहासकार ऑर्निट शनी यांनी जुन्या फायलींतला पत्रव्यवहार चाळून ही हकिकत 2018 साली ‘हाउ इंडिया बिकेम डेमोक्रॅटिक’ या पुस्तकात मांडली. वाचताना पुन्हापुन्हा थबकायला होतं, कारण बदल नुसता आकड्यांचा नव्हता, सवयीचा होता. इंग्रजांच्या काळी मताचा अधिकार जमीन, कर, शिक्षण अशा अटींवर मिळे. 1937 च्या प्रांतिक निवडणुकांत मतदार होते सुमारे 3 कोटी. त्यांच्याही याद्या धर्मानुसार वेगवेगळ्या. यादीत यायचं तर आपली पात्रता आपण दाखवायची. आता तेच कारकून, तीच कचेरी, आणि हुकूम नेमका उलटा: प्रत्येक प्रौढ माणूस पात्रच आहे, तुम्ही त्याला शोधून काढा!

त्यात फाळणी झालेली. लाखो माणसं जागा बदलत होती. छावणीत उतरलेल्या, उद्या कुठे असू हे ठाऊक नसलेल्या माणसाला ‘अमुक इतका काळ या गावी राहिलेला असावा’ ही अट कशी लावणार? मग मार्ग निघाला. निर्वासितानं एवढंच लिहून द्यायचं की मी इथे कायम राहणार आहे. त्याच्या शब्दावर त्याचं नाव यादीत. ज्याच्याजवळ घराची किल्लीही उरलेली नव्हती, त्याच्या शब्दावर सरकारनं विश्वास ठेवला.

आता यादीचा आकार पाहा. 1951-52 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीला मतदार होते 17 कोटी 32 लाख. देशातलं साक्षरतेचं प्रमाण तेव्हा सुमारे 18 टक्के. याद्या टंकलिखित करायला आणि मतदारसंघवार लावायला 16,500 कारकून सहा महिन्यांच्या करारानं घेतले होते. छपाईला कागद लागला सुमारे 3 लाख 80 हजार रीम. एक रीम 500 तावांची धरली, तर 19 कोटी ताव होतात. म्हणजे मतदारामागे एक पूर्ण ताव, आणि वर आणखी थोडे!

आणि याच यादीतून, मतदान होण्याआधीच, सुमारे 28 लाख नावं काढून टाकली गेली. सगळी बायकांची.

कारण ऐकलंत तर चटका बसेल. बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान, मध्य भारत, विंध्य प्रदेश या भागांत वहीवाला दारात आला की बाई आपलं नाव सांगेना. परक्या पुरुषाला नाव सांगायची रीतच नव्हती. मग वहीत काय उतरलं? अमक्याची आई. तमक्याची बायको. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठाम सांगितलं, असं चालणार नाही. मत माणसाचं असतं, आणि माणसाला स्वतःचं नाव असतं. नाव मिळवा. पुष्कळ ठिकाणी ते मिळालं. जिथे मिळालं नाही, तिथली नोंद गेली. देशभरच्या सुमारे 8 कोटी महिला मतदारांपैकी 28 लाख!

सेन यांचं तत्त्व खरं होतं. त्या 28 लाख बायका जित्याजागत्या होत्या, मत द्यायला पात्र होत्या, हेही तितकंच खरं होतं. यादी शुद्ध ठेवायची आणि कोणालाही बाहेर ठेवायचं नाही, ही दोन कामं एकमेकांशी कशी झगडतात ते पहिल्याच यादीनं दाखवून दिलं. तोच झगडा आजही चालू आहे. तो कसा सोडवायचा हेच मतदार यादीच्या न्यायाचं सगळं मर्म आहे.

रोज जुनी होणारी यादी

आपल्याला वाटतं, यादी एकदा नीट केली की झालं. पण ती तयार झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून चुकीची व्हायला लागते! कोणी वारलं, कोणी नोकरीसाठी पुण्याला गेलं, कोणाची चाळ पुनर्विकासाला गेली, कोणाचं लग्न झालं, कोणी 18 वर्षांचं झालं. 2020 या एका वर्षात देशात नोंदले गेलेले मृत्यूच 81 लाखांच्या वर होते. 2024 च्या लोकसभा निवडणुकीआधी यादीत 96 कोटी 80 लाखांहून जास्त नावं होती. आयोगातल्या कोणी एकही चूक केली नाही, तरी नुसत्या काळाच्या ओघानं त्यातली लाखो नावं वर्षभरात खोटी ठरतात.

म्हणून यादी सतत दुरुस्त करावी लागते. नवं नाव लावायचं तर नमुना 6. एखादं नाव वगळायला सांगायचं किंवा त्यावर हरकत घ्यायची तर नमुना 7. पत्ता बदलला, तपशील चुकला, तर नमुना 8. पूर्वी 18 वर्षं मोजायची तारीख वर्षातून एकच असे, 1 जानेवारी. म्हणजे 2 जानेवारीला अठरा पुरी झालेल्या मुलीला पुढच्या जानेवारीची वाट पाहावी लागे. आता 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै आणि 1 ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत, आणि 17 वर्षं पूर्ण झाली की आगाऊ अर्जही करता येतो.

हे सगळं जमिनीवर कोण करतं? मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, म्हणजे बीएलओ. तुमच्या भागातली अंगणवाडी सेविका, शाळेतल्या बाई, तलाठी, पालिकेचा कर्मचारी. स्वतःची नोकरी सांभाळून हजारभर मतदारांची जबाबदारी पेलणारी ही माणसं. 2024 च्या लोकसभेला देशात साडेदहा लाखांच्या आसपास मतदान केंद्रं होती आणि प्रत्येकामागे असं एक माणूस असतं. 97 कोटींची यादी शेवटी त्यांच्या पायांवर चालते.

दोन चुका, आणि त्या सारख्या नाहीत

यादीत दोनच प्रकारच्या चुका होऊ शकतात. जे नाव नको ते राहिलं, किंवा जे हवं ते गेलं. वरवर पाहता दोन्ही सारख्याच वाटतात ना? एक नाव जास्त, एक नाव कमी.

आता जास्तीच्या नावाचा पाठलाग करून पाहू. समजा एका वारलेल्या गृहस्थांचं नाव यादीत राहून गेलंय. त्यांच्या नावावर कोणाला खोटं मत टाकायचंय. त्या तोतयाला आधी ओळखपत्र दाखवावं लागेल. केंद्राध्यक्षाजवळ बहुधा ‘अनुपस्थित, स्थलांतरित, मयत’ अशी वेगळी यादी असते. तिच्यात हे नाव असेल तर तपासणी आणखी कडक. समोर पक्षांचे मतदान प्रतिनिधी बसलेले, त्यातला एखादा त्याच आळीतला. त्यानं आक्षेप घ्यायचा तर फी किती माहीत आहे? दोन रुपये! 1961 च्या निवडणूक नियमांत ती लिहून ठेवलेली आहे. आक्षेप आला की केंद्राध्यक्ष तिथल्या तिथे चौकशी करतो. पुढे बोटाला शाई. एवढं सगळं ओलांडलं तरच ते नाव मत होतं. आणि समजा तोतया तुमच्या नावावर मत टाकून गेलाच, मागून तुम्ही आलात, तर? तरीही तुम्हाला परत पाठवत नाहीत. तुमची ओळख पटली की कागदी मतपत्रिका देतात, प्रदत्त मत म्हणून, आणि ती वेगळ्या पाकिटात जपून ठेवतात.

आता उलट बाजू. समजा तुम्ही जिवंत आहात, त्याच घरात राहता, हातात मतदार ओळखपत्र आहे, गेल्या निवडणुकीला मत दिलेलं आहे. पण यादीत नाव नाही. केंद्रावर तुमच्यासाठी काय सोय आहे?

काहीच नाही. लोकप्रतिनिधित्व कायदा 1951, कलम 62: ज्याचं नाव यादीत नाही त्याला मत नाही. ओळखपत्र असूनही नाही. शेजारीपाजारी साक्षीला उभे राहिले तरी नाही. आणि उमेदवारी अर्ज भरण्याची मुदत संपली की यादी गोठते. तिच्यात नाव घालता येत नाही, काढताही येत नाही.

नको असलेल्या नावाच्या वाटेत अडसर कितीतरी, आणि चुकून गेलेल्या नावाला परतीची एकही वाट नाही! ही विषमता ध्यानात आली की यादीकडे बघायची नजरच बदलते. सुपात धान्य पाखडताना जोर जास्त झाला तर कोंड्याबरोबर दाणेही उडतात, आणि उडालेला दाणा मातीतून वेचायचा वेळ मतदानाच्या दिवशी कोणाजवळच नसतो. खोटी नावं यादीत राहू द्यावीत असा याचा अर्थ मुळीच नाही. खोट्या नावांनी निकालावरचा विश्वास जातो, आणि तो परत मिळवणं फार कठीण. पण पाखडणाऱ्याचा हात कसा असावा, हे मात्र यावरून ठरतं.

हजार संतोष पाटील

‘दुबार नावं शोधायला काय लागतं? संगणकाला सांगा, एकच नाव, एकच जन्मतारीख दिसली की उडव.’ हे आपण कितीदा ऐकतो! ऐकायला अगदी बिनतोड. पण इथे गणित एक विलक्षण चमत्कार दाखवतं.

एका खोलीत 23 माणसं जमली, तर त्यातल्या कुणा दोघांचा वाढदिवस एकाच दिवशी असण्याची शक्यता निम्म्याहून जास्त असते. दिवस 365, माणसं 23, तरीही! कारण माणसं 23 असली तरी त्यांच्या जोड्या 253 होतात.

हाच हिशेब यादीला लावू. महाराष्ट्रात 2024 च्या विधानसभेला सुमारे 9 कोटी 70 लाख मतदार होते. त्यात संतोष पाटील नावाचे हजार जण आहेत असं धरू, आणि त्यांचे जन्म 50 वर्षांत विखुरलेले आहेत असं मानू. 50 वर्षांचे दिवस झाले 18,262. हजार माणसांच्या जोड्या किती? 4 लाख 99 हजार 500. भागाकार करा. सुमारे 27 जोड्या अशा निघतील की नाव तेच, जन्माचा दिवस, महिना आणि वर्षही तेच, आणि माणसं मात्र पूर्ण वेगळी. एक जळगावचा, दुसरा सांगलीचा. एकमेकांना कधी न भेटलेले. यंत्राच्या लेखी मात्र एकाच माणसाच्या दोन नोंदी!

थांबा, खरी गंमत पुढेच आहे. आपल्याकडे जन्मतारखा विखुरलेल्या आहेत कुठे? तुमच्या घरातल्या मोठ्यांना विचारा. शाळा जूनमध्ये उघडायची. मुलाचा जन्म ‘त्या मोठ्या पुराच्या साली, नागपंचमीच्या आसपास’ एवढंच आईला आठवायचं. गुरुजी हिशेब करून दाखल्यावर लिहून टाकायचे, 1 जून. महाराष्ट्राच्या एका अख्ख्या पिढीत असे कितीतरी 1 जूनवाले आहेत. आपल्या हजार संतोष पाटलांपैकी फक्त शंभर जण 1 जूनचे आहेत असं धरा. त्यांना दिवस एकच, फरक फक्त वर्षाचा. त्या शंभरांच्या जोड्या 4,950. त्यांना 50 वर्षांनी भागा. 99! त्या एकट्या तारखेनं शंभराच्या आसपास खोटे जुळे पैदा केले. एका शाळामास्तरांच्या सोयीनं पन्नास वर्षांनंतर कोणाचं मत धोक्यात यावं, हे कोणाच्या मनात तरी आलं असेल का?

अमेरिकेत असा प्रयोग खरोखर झाला. कॅन्सस राज्यातून चालवलेल्या ‘क्रॉसचेक’ नावाच्या योजनेत अनेक राज्यांच्या याद्या एकत्र करून पहिलं नाव, आडनाव आणि जन्मतारीख जुळवून पाहत. शरद गोयल आणि त्यांच्या सहकारी अभ्यासकांनी तिची छाननी केली. त्यांचा लेख 2020 साली प्रसिद्ध झाला. त्यांना काय दिसलं? योजनेनं सुचवलेल्या वगळणीच्या एका पद्धतीनं नावं काढली असती, तर दुहेरी मताची एक नोंद रोखण्यासाठी, रीतसर मत दिलेल्या सुमारे 300 नोंदी उडाल्या असत्या. एकामागे तीनशे!

आणि याच्या नेमकं उलट टोक पाहायचंय? आपल्याकडे लग्नानंतर मुलीचं आडनाव बदलतं, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं नाव येतं, कित्येकदा पहिलं नावसुद्धा बदलतात. माहेरच्या यादीत एक नाव, सासरच्या यादीत दुसरंच. दोन्ही नोंदी एकाच बाईच्या, पण नाव जुळवणाऱ्या यंत्राला त्या कधीच सापडणार नाहीत. जी दोन माणसं वेगळी आहेत त्यांना यंत्र एक ठरवतं, आणि जी बाई एकच आहे तिला दोन समजतं! छायाचित्रं पडताळून पाहणाऱ्या नव्या प्रणालीचा इथे उपयोग होतो, पण तिथेही विसाव्या वर्षीचा फोटो आणि पंचेचाळिसाव्या वर्षीचा चेहरा यांत अंतर असतंच.

मग शहाणपणाचा मार्ग कोणता? यंत्रानं संशय दाखवावा, निवाडा माणसानं दारात जाऊन करावा. निवडणूक आयोगाच्या प्रणालीत सारखे तपशील आणि सारखी छायाचित्रं असलेल्या नोंदी वेगळ्या निघतात आणि बीएलओकडे पडताळणीला जातात, त्यामागचा विचार हाच. 2025 मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकांच्या वेळी दुबार मतदारांवरून महाराष्ट्रात मोठा गदारोळ झाला, तेव्हा राज्य निवडणूक आयोगानं संशयित दुबार नावापुढे दोन तारका छापायचं ठरवलं. त्या मतदारानं कोणत्या केंद्रावर मत देणार ते सांगायचं, आणि तसं आधी झालं नसेल तर केंद्रावर हमीपत्र देऊन मत द्यायचं. नाव खोडलं नाही, खूण केली. मला हा उपाय फार आवडला. दुबार मत अडतं, आणि खऱ्या संतोष पाटलाला घरी परतावं लागत नाही.

नाव काढायचं तर कारण सांगा

कोणाचं नाव कोण काढू शकतं? त्याच मतदारसंघाच्या यादीत ज्याचं नाव आहे, असा कोणीही मतदार नमुना 7 भरून हरकत घेऊ शकतो. योग्यच आहे. शेजारचे आजोबा वारले हे शेजाऱ्यालाच ठाऊक असणार. पण हाच दरवाजा दुसऱ्या हेतूनंही उघडता येतो.

सोलापूरच्या सीमेपलीकडे, कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यात आळंद हा विधानसभा मतदारसंघ आहे. 2023 च्या निवडणुकीआधी तिथे नावं वगळण्यासाठी 6,018 ऑनलाइन अर्ज आले. गडबड कशी उघडकीला आली? एका बीएलओला दिसलं की नात्यातल्याच माणसाचं नाव वगळायचा अर्ज आलेला आहे, आणि तो म्हणे शेजाऱ्यानं केलेला. शेजाऱ्याला विचारलं, तर त्याला या अर्जाचा पत्ताच नाही! मग एकेक अर्ज तपासला गेला. 6,018 पैकी खरे निघाले 24. उरलेले 5,994 फेटाळले गेले आणि पोलिसांत गुन्हा नोंदवला गेला. पुढे आयोगानं अशा ऑनलाइन अर्जांना आधारशी जोडलेल्या मोबाइलवरून पडताळणी लावली. पण पहिली ठिणगी पडली ती एका बाजूला सरकारी वही आणि दुसऱ्या बाजूला आळीतली ओळख असलेल्या माणसाच्या डोळ्यांमुळे.

कायद्यानं ही शक्यता आधीच ओळखली होती. लोकप्रतिनिधित्व कायदा 1950 चं कलम 22 म्हणतं, माणूस तिथे राहत नाही किंवा पात्र नाही म्हणून नाव काढण्यापूर्वी संबंधिताला आपली बाजू मांडायची वाजवी संधी द्या. निर्णय पटला नाही तर 15 दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, त्यानंतर 30 दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील. शिक्षांचं माप तर आणखी बोलकं आहे. यादीसाठी खोटं निवेदन करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. यादीच्या कामात वाजवी कारणाशिवाय कर्तव्य चुकवणाऱ्या अधिकाऱ्याला मात्र किमान तीन महिने, कमाल दोन वर्षं कैद, आणि वर दंड! ज्याच्या हातात खोडरबर आहे, त्याच्यावर कायद्याचा डोळा जास्त कडक. अर्थात अधिकाऱ्याविरुद्धची तक्रार न्यायालयात जायची तर आयोगाच्या किंवा मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या परवानगीनंच जाते.

1995 साली सर्वोच्च न्यायालयानं लालबाबू हुसेन खटल्यात याला आणखी बळ दिलं. दिल्लीतल्या आणि मुंबईतल्या काही वस्त्यांत मतदारांना नोटिसा गेल्या होत्या: नागरिकत्वाचा पुरावा आणा, नाहीतर नाव काढू. न्यायालय म्हणालं, नाव आधीपासून यादीत आहे म्हणजे ते रीतसर तपासूनच लागलं असणार, असं धरून सुरुवात करा. संशय असेल तर त्याचा आधार त्या माणसाला कळवा, त्याचं ऐकून घ्या, मोकळ्या मनानं ठरवा. कसोटी साधी आहे, पण ती माणसाच्या बाजूनं झुकलेली आहे.

तीस वर्षांनी हाच प्रश्न बिहारमध्ये प्रचंड आकारात उभा राहिला. जून 2025 मध्ये तिथे विशेष सखोल पुनरीक्षण, म्हणजे सगळी यादी नव्यानं तपासायची मोहीम, जाहीर झाली. जुन्या यादीत 7 कोटी 89 लाख नावं होती, 1 ऑगस्टच्या प्रारूप यादीत 7 कोटी 24 लाख. सुमारे 65 लाख नावं गेली: मयत, स्थलांतरित, दुबार अशा कारणांनी. पण कोणाचं नाव कोणत्या कारणानं? 14 ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, ही 65 लाखांची यादी कारणांसह प्रसिद्ध करा, लोकांना शोधता येईल अशी करा. 30 सप्टेंबरच्या अंतिम यादीत नावं झाली 7 कोटी 42 लाख. त्या मोहिमेबद्दल वाद घालणारे दोन्ही बाजूंना पुष्कळ आहेत. माझ्यापुरतं मत स्वच्छ आहे: ज्या दिवशी नाव काढलं त्याच दिवशी त्यापुढे कारण छापलेलं असलं पाहिजे, न्यायालयानं सांगेपर्यंत थांबायची वेळच येऊ नये. कारण कळलं तर जिवंत माणूस उभा राहून म्हणू शकतो, मी मयत नाही, हा बघा इथे आहे.

ज्याला दारच नाही, त्याचं काय?

दारोदार जाऊन यादी करायची, तर ज्याला दार नाही त्याचं नाव कुठे लिहायचं? मुंबईच्या पुलाखाली झोपणाऱ्या माणसाला पत्त्याचा पुरावा कुठून आणायला सांगणार?

आयोगाच्या सूचना वाचताना इथे मी खरोखर थक्क झालो. बेघर माणसानं नमुना 6 मध्ये आपण झोपतो ती जागा लिहायची. त्याच्याकडे पत्त्याचा कागद मागायचा नाही. बीएलओनं रात्री त्या जागी जायचं आणि माणूस खरंच तिथे झोपतो का ते पाहायचं. एका रात्रीवर थांबायचं नाही, पुन्हा जायचं. म्हणजे एका माणसाचं नाव लागावं म्हणून सरकारनं रात्री उठून पुलाखाली जायचं! सूचनेतली ही गोष्ट प्रत्येक शहरात प्रत्येक वेळी होते असं नाही, आणि ती व्हावी म्हणून पाठपुरावा करावा लागतो. पण ती लिहिलेली आहे, आणि तिच्यावर बोट ठेवून हक्क मागता येतो.

आता बीडच्या ऊसतोड कुटुंबांकडे या. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टरमधून बिऱ्हाड हलतं, ते उन्हाळ्यात परततं. हिवाळ्यात बीएलओ दारात गेला तर काय दिसेल? कुलूप. वहीत ‘स्थलांतरित’ लिहायला किती सोपं! पण 1950 च्याच कायद्याचं कलम 20 स्पष्ट सांगतं, माणूस तात्पुरता बाहेर गेला एवढ्यानं त्याचं राहण्याचं ठिकाण सुटत नाही. रुग्णालयात, तुरुंगात किंवा दूरच्या फडावर असणारा माणूस आपल्याच गावचा राहतो. 2024 ची विधानसभा निवडणूक 20 नोव्हेंबरला झाली, ऐन हंगामाच्या तोंडावर. नाव यादीत राहिलं, तरी फडावरून गावी येऊन मत देणं केवढं कष्टाचं! ते नाव तरी कुलूप बघून खोडलं जाऊ नये, एवढं आपण नक्की करू शकतो.

कसं? पुढच्या वेळी प्रारूप यादी लागेल तेव्हा फक्त आपलं नाव शोधून थांबू नका. आपल्या यादी भागाची पानं उघडा, गल्लीतली, इमारतीतली नावं वाचा. घरातलं कोणी गेलं असेल तर नमुना 7 आपणच भरून द्या, ते काम परक्यावर सोडू नका. नव्या सुनेचं नाव इथे लावताना माहेरची नोंद रद्द करायला सांगा. सतरा पूर्ण झालेल्या पोराला आत्ताच अर्ज भरायला बसवा. शेजारचं कुटुंब ऊसतोडीला गेलंय, समोरच्या काकू लेकीकडे बाळंतपणाला गेल्यात, हे बीएलओ दारात आला की त्याला सांगा. अडलं तर 1950 या क्रमांकावर फोन करा. दावे आणि हरकतींची मुदत थोड्याच दिवसांची असते. त्या दिवसांत बघा. मतदानाच्या दिवशी बघून उपयोग नाही.